जस्ताच्या पेटीचं वजन

तो पहिल्यांदा आला तेव्हा पुढून चिंब भिजलेला होता आणि मागून ठणठणीत कोरडा.

छत्री नव्हती म्हणावं, तर होती. पण ती त्याने डोक्यावर न धरता पाठीवर धरली होती, पाठीशी तान्हं मूल बांधलंय आणि ते भिजू नये, अशी. कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर, हनुवटीवरून माझ्या टेबलावर... पाणी निवांत टपटपत होतं.

"दप्तरखाना हाच ना?"

मी हो म्हटलं, टेबल पुसलं आणि मनातल्या मनात त्याला नाव ठेवून टाकलं – अर्धओला.

संशय घेणं हा माझा स्वभाव नाही, ती माझी नोकरी आहे. म्हणजे स्वभावही आहे, पण त्याचा वेगळा पगार मिळत नाही. आमच्या दप्तरखान्यात बंद पडलेल्या जस्ताच्या खाणीचे कागद आहेत. खाण थांबली, कंपनी बुडाली, माणसं पांगली. कागद कुठे जाणार? ते राहिले. कामगारांची हजेरीपत्रकं, पाणी उपसणाऱ्या पंपांचे अहवाल, खाणीच्या दवाखान्यातली टिपणं, भट्टीचे फोटो आणि नकाशे. ज्याला इथल्या जस्ताचा इतिहास लिहायचा असेल त्याला आमची पायरी चढावीच लागते. असे वर्षाकाठी चार-पाच जण येतात. त्यातले दोघे पत्ता चुकलेले असतात.

इमारत खाणीच्याच प्रयोगशाळेची. खडकाचे नमुने इथे तोलून बघायचे. तो मोठा काटा अजून आहे आणि अजून खोटं बोलत नाही. आता त्याच्यावर आम्ही कागदांच्या पेट्या तोलतो: वाचकाच्या हातात द्यायच्या आधी एकदा, त्याने परत केल्यावर एकदा. वजन घटलं की समजायचं, कागद गेला. ही पद्धत माझ्या बाबांनी सुरू केली. वरातीमागून घोडं होतं ते, कारण कागद तोवर गेलेच होते.

बाबा इथलाच वाचनकक्ष सांभाळायचे. एका तपासणीत 'उत्तर विहीर' नावाच्या पेटीतले ढीगभर नकाशे गायब निघाले. विहीर म्हणजे पाण्याची नव्हे. खाणीत माणसं उतरायची ती. पेटीची किल्ली बाबांकडे, म्हणून संशय बाबांवर. पुरावा नव्हता म्हणून शिक्षा झाली नाही, नुसतं 'आता घरी बसा' म्हणाले. चोर सोडून संन्याशाला सुळी. तेव्हापासून बाबा घरी बसलेत आणि अख्ख्या जगावर संशय घेतायत. सख्खी आत्या आली तरी जाताना तिची पर्स तपासतात. आत्याही आता दाराशी पोचली की आपणहून पर्स उपडी करते आणि मगच चपला घालते.

त्याच वाचनकक्षात मी नोकरीला लागले, तात्पुरती. आमच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की वर्षभर एक चिटोरं इकडचं तिकडे झालं नाही तर कायम करू, आणि झालं तर... वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आमच्या घरात पुढचं सगळ्यांना पाठ होतं.

आणि या अर्धओल्याने मागावं काय? 'उत्तर विहीर'.

"कशावर संशोधन करताय?" मी विचारलं.

"जस्तावर."

"जस्ताच्या कशावर?"

"...सगळ्यावर."

मी म्हटलं, मग हजेरीपत्रकांपासून सुरू करा, माणसं कळतील. मग पंपांचे अहवाल बघा, पाणी कळेल. नकाशे शेवटी. सगळे याच क्रमाने जातात. तो म्हणाला, मी उलटीकडून जातो. माझ्या डोक्यात घंटा वाजली. चोर नेहमी नकाशांपासून सुरू करतो. नकाशा भिंतीवर टांगता येतो. हजेरीपत्रक कोण टांगतं?

पेटी तोलून दिली. तो खिडकीशी जाऊन बसला, आणि बसला तो कसा – ताठ! खुर्चीला पाठ न टेकता, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा. आमच्याकडे वाचक बसत नाहीत, सांडतात. दुपारनंतर तर टेबलावर गाल ठेवून घोरतात. मी पाळत ठेवायची म्हणून त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या डाव्या भुवईच्या टोकाशी पावसाचा एक थेंब अडकला होता, पडू की नको करत. तो पडेपर्यंत बघितलं. कामाचा भाग म्हणून.

तेवढ्यात त्याने वर पाहिलं. मी संशयाने बघत होते, पण त्याला ते तसं वाटलं नसावं. तो हसला. मीही हसले – संशयाने.

जाताना झडती असते. पिशवी, बाह्या, छत्री उघडून, झटकून. काही निघालं नाही. फक्त माणूस जरा वाकल्यासारखा वाटला. येताना खांबासारखा आलेला, जाताना ओल्या टॉवेलसारखा. मनात म्हटलं, जस्ताचा इतिहास काहींना सोसत नाही.

मग पेटी काट्यावर ठेवली. वजन वाढलं होतं.

काटा पुसला. पुन्हा ठेवली. वाढलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, पाऊस आहे ना, कागद पाणी पितो. उत्तर इतकं तयार होतं की पाणी कागदात नाही, दुसरीकडेच कुठेतरी मुरतंय याची मला खात्री पटली. मी दवाखान्याच्या कागदांची पेटी घेतली, तेवढीच मोठी. त्याच ओल्या खिडकीशी दिवसभर ठेवली, संध्याकाळी तोलली. तिला अजिबात तहान नव्हती. 'उत्तर विहीर' मात्र त्या दिवशीही पिऊन आली.

मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, एक वाचक येतोय तेव्हापासून त्या पेटीचं वजन बदलतंय. त्यांचा चेहराच उतरला.

"किती घटलं?"

"घटलं नाही. वाढलं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग तक्रार कसली?"

मी म्हटलं, आपण उघडून बघू या. त्या म्हणाल्या, नियम तुझ्या बाबांचाच आहे. वाचकाखेरीज कोणी पेटी उघडायची तर आधी घट दाखवावी लागते. तुझ्याकडे वाढ आहे, आणि वाढीला रकाना नाही. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, हे बघ बाळा, इतक्या वर्षांत इथे कोणी काही ठेवून गेलेलं नाही. काळजी करू नकोस. पण काळजी घे.

घरी बाबांना सांगितलं. त्यांनी पहिलं काय विचारावं, तर तो दिसतो कसा. मी म्हटलं, ताठ बसतो. बाबांच्या कपाळावरच्या दोन आठ्या तिथल्या तिथे उतरल्या. ताठ? मग बरा असेल. कारण सबंध जगात बाबांचा विश्वास एकाच माणसावर होता. त्यांच्या वेळचे एक वाचक, खाणीचे निवृत्त मोजणीदार. रोज यायचे, बाबांना चहा पाजायचे. "म्हातारा काय ताठ चालायचा," बाबा आजही सांगतात, "तसे वाचक आता होत नाहीत." बाकी झाडून सगळे वाचक त्यांच्या मते चोर. आत्याही, जी कधी वाचक नव्हती.

मग मी अर्धओल्याची जागा बदलली. खिडकीशी ऊन येतं, नकाशे विटतात, असं सांगून त्याला माझ्या टेबलासमोर बसवलं. ऊन गेले कित्येक दिवस कोणी पाहिलं नव्हतं. त्याने खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने पेटी उचलली.

जवळून तर तो आणखीच संशयास्पद निघाला. जस्ताबद्दल त्याला ओ की ठो कळत नव्हतं. एकदा विचारतो, जस्त नेमकं लागतं कशाला? मी त्याला कोपऱ्यातली बादली दाखवली. सांगितलं, लोखंडाच्या बादलीवर जस्ताचा पातळ थर असतो. गंज आधी जस्तावर येतो. जस्त झिजतं, लोखंड वाचतं. तो त्या बादलीकडे असा बघत राहिला की मला बादलीचा थोडा रागच आला.

पण 'उत्तर विहीर' म्हटली की त्याला सगळं ठाऊक. नकाशा पेटीतून बाहेर यायच्या आधी त्यात काय आहे ते हा सांगणार. पाणी कुठे फुटलं होतं, खडक कुठे पांढरा झाला होता...

"आणि इथे तिसऱ्या मजल्यावर," तो एकदा रंगात येऊन म्हणाला, "भिंतीत एक कोनाडा आहे. तिथे दिवा ठेवायचे."

"खाणीला मजले नसतात," मी म्हटलं. "पातळ्या असतात."

"...तिसऱ्या पातळीवर."

मी नोंद घेतली. मनात. मनात आता जागा कमी पडत होती, कारण तिथे त्याच्या बोटांबद्दल, कानांमागच्या ओल्या केसांबद्दल आणि तो 'कोनाडा' हा शब्द कसा उच्चारतो त्याबद्दलही बऱ्याच नोंदी साठल्या होत्या.

चहा बाहेर ओसरीत प्यायचा, कारण आत खाणंपिणं चालत नाही. पैसे तो द्यायचा. मी म्हणायचे की वाचकाकडून काही घेणं बसत नाही, आणि घ्यायचे. ओसरीला चांगला रुंद खांब आहे, सगळे त्याला टेकतात. हा टेकायचा नाही. सकाळी खांबापासून हातभर लांब, आणि दुपारी मात्र गळून पडल्यासारखा खांबाला चिकटलेला.

"तुम्ही माझ्याकडे फार बघता," तो एका सकाळी म्हणाला.

"मला त्याचा पगार मिळतो."

"मी तुमच्याकडे बघतो त्याचा मला मिळत नाही."

"अर्ज करा," मी म्हटलं. "विचार होईल."

पागोळ्यांचं पाणी आमच्या मधोमध पडत होतं. तो हसला तशी मीही हसले, आणि जरा उशिराने लक्षात आलं की या वेळी संशय घालायचा राहिला.

त्याच सैलावलेल्या वेळी मी त्याला बाबांचं सांगितलं. इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. उत्तर विहिरीचे नकाशे कसे गेले, किल्ली कोणाकडे होती, बाबा 'घरी बसा' ऐकून घरी आले तेव्हा डबा न उघडता तसाच परत कसा आणला होता... आत्याच्या पर्सचं सांगितलं तेव्हा तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. त्याचा चहा तसाच गार झाला. निघताना म्हणाला, आज पेटी नको. आणि वाचनकक्षात पाऊलही न टाकता गेला. ताठच्या ताठ.

मग तो आलाच नाही.

चोराच्या मनात चांदणं, मी स्वतःला बजावलं. आपण किल्लीची गोष्ट काढली आणि गडी पसार झाला. म्हणजे तोच. कशातला, ते कळत नव्हतं, पण तोच. रोज सकाळी मी 'उत्तर विहीर' उगाचच तोलायचे. पेटी होती तेवढीच राहिली. माझं वजन मात्र घटलं असावं. त्यालाही रकाना नव्हता.

पाऊस जरा जास्तच कोसळत होता त्या सकाळी तो आला. पुढून चिंब, मागून कोरडा. मी ठरवलंच होतं, ओळख दाखवायची नाही. त्याने ओसरीत चहा आणला. मी ओळख न दाखवता घेतला.

"मला तुम्हाला एक..." तो म्हणाला आणि चहा त्याच्या घशात अडकला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला. माणुसकी म्हणून मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

दार वाजलं.

मी वळून बघितलं. दार उघडंच होतं, कोणी आलेलं नव्हतं. मी पुन्हा थाप मारली. टक, टक. आवाज त्याच्यातून येत होता.

"तुमची पाठ वाजतेय," मी म्हटलं.

"हो."

"माणसाची पाठ वाजत नाही."

"नाही."

"मग काढा."

तो खांबामागे गेला, शर्टात हात घातला आणि परत आला तो वाकलेला, एका दमात दहा वर्षं म्हातारा झालेला. हातात जाड पुठ्ठ्यावर डकवलेला नकाशा. पाठीएवढा. उत्तर विहिरीचा सगळ्यात खालचा भाग, तळ. कोपऱ्यात आमचा शिक्का. माझ्या हातात दिला तेव्हा तो अजून गरम होता.

मग त्याने सगळं सांगितलं. त्याचे आजोबा खाणीचे मोजणीदार. उत्तर विहिरीत दोराला लोंबकळत त्यांनीच इंच न् इंच मोजून हे नकाशे काढले होते. नकाशांवर नाव मात्र कंपनीचं, ठळक. म्हातारपणी त्यांच्या मनाने घेतलं की हे माझं आहे. रोज वाचनकक्षात यायचे आणि अधूनमधून एखादा नकाशा पाठीवरून घरी न्यायचे. घरी ते जिन्याच्या भिंतीवर ओळीने लावले, गच्चीपासून तळमजल्यापर्यंत, अगदी खोलीच्या क्रमाने.

"मी रोज शाळेला खाणीतून जायचो," तो म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर कोनाडा."

आजोबांनी शेवटच्या दुखण्यात सांगितलं, आणले तसेच परत नेऊन ठेव. पाठीवरून. मग हा रोज एकेक आणत राहिला. शर्टातून नकाशा काढून पेटीत सरकवायला एक क्षण लागायचा. मी पाळत ठेवून होते, पण त्याच्या भुवयांवर. झडती तर आम्ही जातानाच घेतो. येताना कोण काय घेऊन येतंय, हे बघायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"पोस्टाने का नाही पाठवलेत?"

"आजोबांचं नाव गेलं असतं."

"तुझ्या आजोबांचं नाव राहावं म्हणून माझ्या बाबांचं गेलं." रागाच्या भरात मी अरे-तुरेवर आले. लोक प्रेमात येतात म्हणे.

"मला माहीत नव्हतं. तू सांगेपर्यंत... खरंच माहीत नव्हतं."

"आणि आज? सांगायला आलास की ठेवायला?"

"दोन्ही. आधी कुठलं, ते ठरत नव्हतं."

मी नकाशा छातीशी धरला. विचारायचं होतं ते वेगळंच. "आणि चहा? तो मला गुंगवायला?"

त्याने विचार केला. खरोखर केला, पागोळ्यांकडे बघत, ओठ मुडपून, वेळ घेऊन. "पहिले दोन, हो," तो म्हणाला. "पुढचे माझे होते."

पटकन 'नाही' म्हणाला असता तर मी त्याला तिथूनच हाकललं असतं.

तो म्हणाला, आता तू म्हणशील तसं. नकाशा पेटीत सरकवला असता तर पेटी पुरी झाली असती. त्याचे आजोबा साव, माझी नोकरी कायम, मोठ्या बाईंना पत्ताही नाही. फक्त बाबा तेवढे आत्याची पर्स तपासत राहिले असते, जन्मभर. मी उठले.

"छत्री घे. बाबांकडे जायचंय."

दप्तरखान्याचा नकाशा बाहेर नेणं म्हणजे गुन्हा. पण नियमाने तो अजून आत आलेलाच नव्हता. रस्ताभर छत्री नकाशावर धरली. भिजलो आम्ही दोघं, सगळीकडून.

बाबांनी सवयीने दारातच त्याची पिशवी तपासली, छत्री झटकली. मग मी नकाशा टेबलावर ठेवला. चष्मा न लावताच त्यांनी ओळखला. "तळ," एवढंच म्हणाले. त्याने उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. काही गाळलं नाही. आजोबा कोण, ते सांगितलं तेव्हा बाबा खाली बसले.

जगात एकच माणूस शिल्लक होता बाबांकडे, तोही गेला होता.

"यायचा वाकत," बाबा हळूच म्हणाले. "जायचा ताठ." मग नकाशा स्वतःकडे ओढला. "मला वाटायचं, आपल्या कागदांनी म्हाताऱ्याला बळ येतं."

मला हसू फुटलं. ते दाबायला मी तोंड फिरवलं, तर बाबांचेच खांदे हलताना दिसले. हसतायत की काय, कळेना. डोळे पुसून त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"काय रे, तुमच्या घराण्यात चहा पाजूनच कामं उरकतात का?"

"...हो."

बाबा माझ्याकडे वळले. "तू किती प्यायलीस?"

"मोजले नाहीत."

"हं," बाबा म्हणाले. "मग गेलीस तू."

तो म्हणाला, उद्या मोठ्या बाईंना सगळं सांगतो, आजोबांचं नावही सांगतो. बाबांनी नकाशावरची रेघ बोटाने चाचपली आणि विचारलं की नाव सांगायलाच हवं का, म्हातारा चहा चांगला पाजायचा. तो म्हणाला, तुमचं नाव परत यायचं तर त्यांना जरा झिजावं लागेल. आणि मलाही.

मी त्याला पायऱ्यांपर्यंत सोडायला गेले. तिथे तो म्हणाला, "बादलीचं तूच सांगितलं होतंस. गंज आधी जस्तावर..."

"म्हणजे मी बादली?"

"हो."

मला आजवर कोणी बादली म्हटलं नव्हतं. इतकं बरं वाटेल असं वाटलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून वाचनकक्षात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मोठ्या बाईंनी त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, मग पेटी उघडायला परवानगी दिली आणि कारणाच्या जागी काय लिहायचं ते न सुचून जागा कोरी ठेवली. बाबांनी नकाशे एकेक करून जमिनीवर मांडले. दारापासून सुरुवात केली, विहिरीच्या तोंडाशी काढलेलं गवत, मग पहिली पातळी, दुसरी, कोनाडा, फुटलेलं पाणी... खोली संपत आली तरी विहीर संपेना. भिंतीपाशी पोचून त्यांनी तळ ठेवला आणि तो सांध्याला सांधा बरोबर जुळला. मग ते दाराशी परत गेले आणि कडेकडेने चालत, एकेका पातळीशी थांबत, खाली उतरले. तळाशी पोचून बाबा म्हणाले, "पुरी आहे."

मोठ्या बाईंनी स्वतःची खुर्ची उचलून त्यांच्यामागे आणून ठेवली. "आमचं चुकलं," त्या म्हणाल्या.

बाबा बसले. "लेखी द्या," म्हणाले.

त्यांनी दिलं. तो कागद आता आमच्या घरात भिंतीवर आहे आणि आत्या जाताना तो जागेवर आहे ना हे ती स्वतःच बघून जाते. पर्स कोणी उघडत नाही. माझ्याबद्दल म्हणाल तर, वर्षभरात काही गेलं नाही, उलट आलं, आणि आल्याला रकाना नाही. म्हणून मी कायम झाले. अर्धओल्याला मात्र वाचनकक्षात जन्मभराची बंदी.

"आणि ओसरीत?" मी मोठ्या बाईंना विचारलं होतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "ओसरीला नियम नाही."

काल तो ओसरीत आला. छत्री मिटून काखेत, पुढून चिंब, मागूनही चिंब. दोन चहा आणले. बाकावर बसला – ताठ. खांबापासून हातभर लांब. जुनी सवय; माझ्या डोक्यात घंटा वाजलीच.

"पाठीला काय आहे?"

"काही नाही."

"मग ताठ का?"

"विचारायचंय काहीतरी. तुझा विश्वास बसेल की नाही..."

"नाही बसणार," मी म्हटलं. "आधी वळ."

तो वळला. मी त्याच्या ओल्या शर्टावर हात ठेवला. दार वाजलं नाही. आत मात्र कोणीतरी धावत धावत दार उघडायला येत होतं, ते हाताला स्पष्ट कळत होतं.

मी हात काढला नाही. तपासणी म्हणजे तपासणी.

"हं," मी म्हटलं, "विचार आता."